आधीच वाटलेली साखर

दादा,

तू गेल्याची बातमी आली तेव्हा आई तुझ्याच नावानं साखर वाटत होती.

काल तुझं तेरावं उरकलं. पाहुणे पांगले. आता घरात मी आणि आई दोघीच, आणि मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. असल्या गोष्टी आजवर मी तुलाच सांगत आले, तेव्हा आताही तूच ऐक. मधे बोलायचं नाही. तुझी ती खोड जुनी आहे, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं 'पण सुमे' सुरू.

हेडमास्तर म्हणाले, शाळेच्या अंकात तुमच्या बंधूंवर, भास्कररावांवर लिहा. जन्म, शिक्षण, पदं, असं क्रमानं येऊ द्या. मी म्हटलं, सर, क्रमानं लिहायला तो काय बदलीचा अर्ज आहे? माझा राग त्यांच्यावर नव्हताच. तो कुणावर आहे ते मलाही अजून कळलेलं नाही. तुझ्यावरच असावा.

सगळा घोळ एका शब्दानं केला. मी मराठी शिकवून पोट भरते आणि मलाच त्या शब्दानं असं गाठावं, हे बघ नशीब.

दिवाळीत तू आलास तो तोंड पाडूनच. त्रिवेंद्रमजवळच्या समुद्रकाठी तुम्ही लोक अग्निबाण बनवता, एवढंच गावाला माहीत. सोनईत तुला पाठीमागं 'फटाकेवाला साहेब' म्हणायचे आणि पोस्टमास्तर शेळके तर तोंडावर विचारायचे, "साहेब, एखादी पेटी आमच्या पोरान्लाबी आना की." तू हसून घ्यायचास. खरं काय ते तू मला ओसरीत बसून समजावलं होतंस. उपग्रह म्हणजे पृथ्वीभोवती फिरत राहणारी पेटी. ती वर पोचवायची तर बाण लागतो. मोठ्या देशांकडं मोठाले बाण आहेत. तुम्हाला छोटा हवा होता, लहानशी पेटी नेऊन सोडेल एवढाच, पण आपला. तो अजून कागदावरच होता. त्याच्यासाठी केलेलं इंधन धाकट्या बाणात भरून उडवून बघायचं चाललं होतं, आणि त्यातलाच एक दिवाळीच्या तोंडावर समुद्रात पडला होता.

आई म्हणाली, "पडंना का. फुडला जाईल. गेला म्हंजी मला तेवढं कळीव. म्या गावात साखर वाटते."

रेशनची साखर ती, तीही दुष्काळातली. पण त्या दिवसापासून आई बिनसाखरेचा चहा पिऊ लागली आणि डबा भरत चालला.

कळवायचं कसं, यावर तुमची मसलत झाली. तिकडून ट्रंककॉल लावायचा म्हणजे मद्रास, पुणे, नगर असे टप्पे खात खात तो सोनईच्या पोस्टात येणार, खरखरीत निम्मं ऐकू येणार नाही. तू म्हणालास, "एकच शब्द सांगतो. 'गेला'. बास. आणि मी बाणापाशी अडकलो असलो तर माधवन फोन करील. त्याला शिकवून ठेवतो." माधवन, तुझ्या खोलीत राहणारा तुझा मल्याळी दोस्त. त्याच्या स्वयंपाकातल्या खोबरेल तेलाचीच तेवढी तू तक्रार करायचास.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "दादा, दुसरा शब्द घे. 'गेला' माणसालाही म्हणतात."

तर तू मलाच व्याकरण शिकवलंस. "अगं, जरा बऱ्यापैकी माणूस असला की 'गेले' म्हणतात. बाणाला कोण अहो-जाहो करतंय? 'गेला' म्हणजे बाणच." मराठीच्या बाईला मराठीत गप्प केलंस म्हणून दिवसभर मिशीत हसत होतास.

त्या शब्दावर मी गप्प बसले, पण बाणावर नाही. त्या दिवाळीत आपण कडकडून भांडलो. माझ्या वर्गातली निम्मी पोरं आईबापांच्या मागं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. आपल्या विहिरीत बादली टाकली की दगडाचा आवाज यायचा. अशात तू ओसरीत बसून बाणाच्या गोष्टी सांगतोस, माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "उपग्रह करा बाबा, पण बाण कशाला? पहिला उपग्रह न्यायला परका देश तयार आहे, तोही फुकट, तूच सांगितलंस. मग तो नेतोय तर नेऊ द्या की."

"आज नेतोय. उद्या नाही म्हणाला तर?"

"उद्याचं उद्या."

मग तू ती वासराची गोष्ट काढलीस. आपले आबा एकदा वासरू विकायला घोडेगावच्या बाजाराला निघाले होते, एकाच्या ट्रकमधून. ट्रकवाल्यानं आधी स्वतःचे बैल चढवले, मग मेहुण्याच्या घरी चहाला थांबला, मग वाटेत आणखी कुणाची जनावरं घेतली. आबा पोचले तेव्हा बाजार उठत होता. तू त्यांच्याबरोबर होतास. "सुमे, ट्रकवाला वाईट माणूस नव्हता. त्यानं आबांकडून पैसाही घेतला नाही. पण ट्रक त्याचा होता. कधी निघायचं, कुठं थांबायचं, आधी कुणाचं जनावर चढवायचं, सगळं त्यानं ठरवलं. बघशील तू, पुढं उपग्रह लहान लहान होत जातील. कॉलेजातली पोरंसुद्धा करतील. आणि करून मांडीवर घेऊन बसतील, न्यायला कुणी नाही म्हणून. मोठ्या बाणात मोठ्यांचा माल आधी चढणार. उरलेल्या कोपऱ्यात यांची पेटी, तीही जागा उरली तर. त्यांच्यासाठी छोटा बाण लागेल. सांगितलं की निघणारा."

"आणि तो समुद्रात पडला तर?"

"पडेल. पुन्हा करू."

"कशासाठी? वरून ढग बघायला? ढग नाहीत हे मला अंगणातून दिसतंय!"

तू उठून गेलास. मला वाटलं चिडलास. नंतर बघते तर विहिरीच्या काठावर बसून आत डोकावत होतास. ते भांडण तसंच राहिलं. तू निघालास त्या दिवशी दोघांनाही ते काढायचं नव्हतं, म्हणून एस.टी. येईपर्यंत आपण माधवनच्या खोबरेल तेलावर बोलत बसलो. काय ती अवदसा आठवली आपल्याला! मला तुझं कौतुक होतं रे. वर्गात बाण शब्द आला की मी दर वर्षी तुझं नाव घ्यायचे. तेवढं एक वाक्य त्या दिवशी म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?

आता त्या दिवसाचं ऐक.

शाळा सकाळची होती. तास चालू असताना शेळके सायकल व्हरांड्यात तशीच लोटून देऊन दारात आले. "बाई, गेला! गेला!" पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही खडू टाकून टाळ्या पिटल्या, दादा. सगळं भांडण विसरून. मला इतका आनंद होईल असं मलाच वाटलं नव्हतं.

"आईन्ला सांगून आलो," शेळके धापा टाकत म्हणाले. "परात घिऊनच भाईर पडल्या त्या. पर तुमच्या भावाचा दोस्त लई हळवा हाय बगा. 'गेला' म्हनला आन रडाया लागला."

"रडायला?"

"व्हय, हुंदकं दिऊन. आनंदानं आसंल."

"आणखी काय म्हणाला?"

"आदी कायतरी विंग्रजीत लई बोलला. खरखरीत काय उमजंना. मंग म्याच इचारलं, 'गेला का?' तर म्हनला, 'गेला.'"

मी वर्गाला उतारा लिहायला दिला आणि बाहेर आले. बाण गेला म्हणून कुणी हुंदके देत नाही. आणि बाण गेला असता तर तू फोन दुसऱ्याच्या हातात दिला असतास? मेलास तरी दिला नसतास. हे मनात आलं आणि मी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

पोस्टात जाऊन शेळक्यांना म्हटलं, अर्जंट कॉल लावा. ते म्हणाले, "बाई, आवो गेला म्हनून सांगितलं न्हवं त्येनी?" मी म्हटलं, लावा. माझा चेहरा बघून त्यांनी लावला.

मग नुसतं बसणं. पोस्टाचं ते बाकडं तुला माहीत आहे, एका पायानं लंगडं. जो येईल तो माझं अभिनंदन करत होता. कुणी म्हणालं, भावानं नाव काढलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बान वर गेला न्हवं पोरी? मंग औंदा पाऊस पडंल का?" मी हो म्हटलं. काहीही विचारलं असतं तरी त्या वेळी मी हो म्हटलं असतं. फोन वाजला तो टँकरच्या चौकशीचा. पुन्हा वाजला तो नगरच्या ऑपरेटरचा, लाइन मिळत नाही म्हणून. मनात सारखं येत होतं, आई आता कुठवर पोचली असेल? चावडीपर्यंत? एका घराला साखर कमी पडली तरी बरं, तेवढंच एक घर वाचेल. बघ, काय काय मनात येतं माणसाच्या.

शेवटी माधवनचा आवाज आला. फार लांबून. माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे, पण त्या दिवशी मी एवढंच विचारलं, बाण गेला का?

तो म्हणाला, "नाही. बाण इथंच आहे."

मग मला पुढचं काही विचारायला लागलं नाही. तोच सांगत राहिला. उलटी मोजणी सुरू व्हायच्या आधी तू खुर्चीत बसलास, पाणी मागितलंस, छातीवर हात नेलास. जीपमधून दवाखान्यात नेताना वाटेतच. मला निदान परक्या भाषेतला कठोर शब्द ऐकायला लागू नये, म्हणून त्यानं मुद्दाम आपला शब्द वापरला. तूच त्याला हसत हसत सांगितलं होतंस म्हणे, की बहिणीचं म्हणणं, हा शब्द माणसालाही चालतो. माझंच वाक्य फिरून माझ्याकडं आलं.

त्यानं विचारलं, उन्हाळ्याचे दिवस आहेत, रेल्वेचा एवढा लांबचा प्रवास आहे, काय करू? संध्याकाळच्या आत सांगा. मी म्हटलं, आईला विचारून सांगते. म्हणजे आईला सांगणं आलं. तेही लगेच.

घरापर्यंतची वाट मी कशी चालले, आठवत नाही. ओसरी बायकांनी भरलेली. आई नवं लुगडं नेसून मधे उभी, कडेवर परात. इतकी वर्षं गावानं 'फटाकेवाला' म्हटलेलं सगळं तिनं त्या सकाळी वसूल केलं होतं. मला बघून म्हणाली, "ये गं, तुझंच त्वांड गोड करायचं ऱ्हायलं हुतं."

मी म्हटलं, "आई, गेला."

"व्हय गं बाई, गेला!" म्हणाली आणि साखरेची चिमूट माझ्या तोंडात घातली.

ती मी गिळली, दादा. थुंकता येत नव्हती, गिळवत नव्हती. वारला, निवर्तला, देवाघरी गेला, सगळे शब्द मला येतात, पोरांना समानार्थी म्हणून पाठ करून घेते. त्यातला एक तोंडात येईना. मयताची खबर आणणाऱ्या, कोपरा फाडलेल्या कार्डावरचे शब्द ते, ते तुझ्यासाठी कसे वापरायचे? आणि मग जो यायला नको तोच आला. मी म्हटलं, "आई, दादा मेला..."

बायका हसल्या. भाऊबहिणीचा लटका राग वाटला त्यांना. आई मात्र चिडली. "आजच्या दिशी तसलं भरल्या त्वांडानं बोलू नगंस. येवढा बान उडीवला लेकरानं आन तू त्येला मेला म्हनतीस?"

मी तिचे दोन्ही हात धरले. घरात मी कधी गावाकडचं बोलत नाही, शिकवणारीच्या तोंडी शोभत नाही म्हणून. तू त्यावरून मला किती चिडवायचास. पण त्या वेळी माझी पुस्तकातली मराठी तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. मी म्हटलं, "आये, बान न्हाई गेला. बान तितंच हाय. दादा न्हाई ऱ्हायला."

आईनं परात खाली ठेवली. सावकाश, साखर सांडणार नाही अशी. एका बाईच्या तळहातावर साखर तशीच होती. खावी की परत ठेवावी, तिला कळेना. कुणी रडलं नाही. आई माझ्याकडं बघत होती, मी काही चूक करतेय का हे बघावं तशी. मग म्हणाली,

"मंग म्या साखर कशाची वाटली गं?"

बायका एकेक करून उठल्या. आई भिंतीला टेकून बसली, आणि मला वाटलं आता ही कोसळेल. पण मी माधवनचा प्रश्न विचारला तेव्हा तिनं ताबडतोब सांगितलं, "आनू नगा. उन्हातान्हात लेकराचे हाल करू नगा. त्यो दोस्त रडून सांगत हुता न्हवं? त्यालाच म्हनावं, अग्नी दे." मी पोस्टात जाऊन तसं कळवलं. परत आले तेव्हा आई परातीत डोकं घालून रडत होती. तिचा तो आवाज मी तुला सांगणार नाही.

माधवन अस्थी घेऊन आला. शिडशिडीत, मान खाली घालून चालणारा. तुझा सदरा अंगात होता त्याच्या. त्याला माहीत नव्हतं की तो सदरा आईनं शिवून घेतला होता, आणि आईनंही सांगितलं नाही. प्रवरासंगमावर पाणी घोट्याएवढं, तेही मधल्या धारेत. तिथवर आई स्वतः वाळूतून चालत गेली.

तेराव्यापर्यंत तो राहिला. जेवताना आमटीत तो काहीतरी शोधायचा. मला कळलं, खोबरेल तेल शोधतोय. शब्दाबद्दल त्यानं माझी इतक्यांदा माफी मागितली की शेवटी मी त्याच्यावर ओरडले. मग कामाचं बोलला. त्या दिवशीचा बाण उतरवून ठेवलाय. तू नाहीस म्हटल्यावर वरिष्ठांचं मन डळमळलंय. उपग्रह परक्या बाणानं जाणारच आहे, मग आपल्या छोट्या बाणाची इतकी घाई कशाला, असं कुणी कुणी म्हणायला लागलंय. त्यालाही उपग्रहाच्या कामाकडं बोलावलंय. जावं की राहावं, त्याचं ठरत नव्हतं.

'घाई कशाला' हे तर माझंच बोलणं. ते परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना मला इतकी चीड आली, की मी उठून चुलीपाशी गेले. दादा, माझं मत बदललंय असं समजू नकोस. विहीर अजून कोरडी आहे. खडी फोडणारी पोरं अजून वर्गात नाहीत. तुझं वासरू आणि तुझा ट्रक मला अजून शंभर टक्के पटलेले नाहीत, आणि तू आला असतास तर पुन्हा भांडले असते.

आज सकाळी माधवन निघाला. आईच्या पाया पडला. आईनं त्याला उठवलं, त्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "बाबा, तुज्या सायबान्ला सांग. सोनईत साखर वाटून झालीया. घराघरात खाऊनबी झालीया. ती काय मला परत मागता येत न्हाई. आता बान गेला पायजे."

त्याला एक अक्षर कळलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग त्याचं इंग्रजी मला करावं लागलं, माझ्या त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. तुझ्या बाणाची बाजू मी आयुष्यात पहिल्यांदा घेतली ती अशी, आईची दुभाषी म्हणून.

आईचं बोलणं केव्हाच संपलं होतं. मी थांबले नाही. एस.टी. हलेपर्यंत मी खिडकीपाशी उभी राहून त्याला तुझ्या वासराची आणि ट्रकची गोष्ट सांगतच होते.